पार्किंगच्या जागेतला ओव्हल : युरोपीय नॅसकारच्या 2012 च्या हंगामामागची गोष्ट

2012 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या तूर शहरात प्रदर्शन मैदानाच्या पार्किंगच्या जागेत लंबगोल मार्ग, म्हणजे ओव्हल, आखून शर्यत झाली. एरवी जिथे लोक गाड्या लावून प्रदर्शन बघायला जातात, तिथे व्ही-8 इंजिनं डरकाळ्या फोडत डावीकडे वळत होती. ओव्हलवर वाढलेल्या नॅसकारची, म्हणजे ‘स्टॉक कार’ शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची, युरोपातली पहिली अधिकृत ओव्हल शर्यत ती हीच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नॅसकारने ‘रेसकार युरो सिरीज’ या फ्रेंच स्पर्धेला आपली मान्यता दिली होती. त्यामुळे 2012 हा तिचा नॅसकारच्या छत्राखालचा पहिला हंगाम ठरला.

हा प्रकार इतका उशिरा का आला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

डिसेंबर 1947 मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स सीनियर यांनी काही आयोजक, चालक आणि मेकॅनिक यांना एकत्र बसवलं. त्यातून 1948 मध्ये नॅसकार उभी राहिली. या खेळाच्या सुरुवातीच्या नामांकित चालकांपैकी काही जण चोरटी दारू पोचवताना पोलिसांच्या हातावर तुरी देत गाडी हाकायला शिकले होते. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी, फेरफार न केलेली गाडी. आज हे फक्त नावापुरतं उरलंय. आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो आणि वर ओळखीच्या मोटारीसारखं दिसणारं आवरण चढवलेलं असतं.

युरोपात ‘स्टॉक कार’ हा शब्द नवा नव्हता, पण त्याचा अर्थ वेगळा होता. 1954 मध्ये लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियमवर सुरू झालेल्या ब्रिटिश स्टॉक कार शर्यतीत समोरच्याला बंपरने ढकलणं हा खेळाचाच भाग असे. नॅसकारच्या मोठ्या ट्रॅकवरचा वेग त्यात नव्हता. दुसरीकडे, युरोपातल्या प्रतिष्ठित मोटारशर्यती वळणावळणाच्या रस्त्यांवर वाढलेल्या. तिथल्या रसिकाला ‘नुसतं डावीकडे वळत राहायचं’ यात काय मजा, हे कळत नसे. खरं तर आपल्या जत्रेतला ‘मौत का कुआँ’ बघितलेल्याला कलत्या भिंतीवर गाडी धरून ठेवण्यातलं कसब वेगळं समजावून सांगावं लागू नये.

1976 मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला. तेलसंकटानंतर ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीला गाड्या कमी पडत होत्या आणि अमेरिका स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी करत होती. तेव्हा बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने दोन अस्सल नॅसकार गाड्या तिथे उतरल्या. हर्शेल मॅकग्रिफ यांची डॉज चार्जर दोन फेऱ्यांत इंजिन गमावून बसली. दुसरी, फोर्ड टोरिनो, रात्रीपर्यंत तग धरून राहिली आणि मग गिअरबॉक्सने मान टाकली. प्रेक्षकांना मात्र तो आवाज भलताच आवडला होता.

गंभीर प्रयत्न झाला तो पंचवीस वर्षांनी, इंग्लंडमध्ये. कॉर्बी या पोलादाच्या गावाजवळ रॉकिंगहॅमचा ट्रॅक 2001 मध्ये खुला झाला. सुमारे दीड मैलाचा, कलत्या वळणांचा ओव्हल. ब्रुकलँड्सच्या जुन्या ट्रॅकनंतर ब्रिटनमध्ये असं काही बांधलं गेलं नव्हतं. जर्मनीतल्या लाउझित्झचा ओव्हल वर्षभर आधीच तयार झाला होता. या जोरावर ‘एस्कार’ नावाची स्टॉक कार मालिका सुरू झाली. पुढे एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात हेल्मेटआड चेहरा लपवून गाडी चालवणारा म्हणून गाजलेला बेन कॉलिन्स 2003 मध्ये तिचा विजेता होता. पण त्या दशकाच्या अखेरीपर्यंत मालिका टिकली नाही. माझ्या मते गणितच उलटं मांडलं होतं. आधी प्रचंड खर्चाचा ट्रॅक बांधायचा आणि मग तो भरायला खेळ शोधायचा. रॉकिंगहॅमलाच सप्टेंबर 2001 मध्ये उघड्या चाकांच्या गाड्यांच्या अमेरिकी कार्ट मालिकेची शर्यत होती. तेव्हा डांबरातून पाणी पाझरू लागलं आणि सराव रद्द करावा लागला. ओव्हलवर ओल चालत नाही, आणि इंग्लंडात ओल नसते कधी?

फ्रान्सच्या जेरोम गालपाँ यांनी हीच उठाठेव टाळली. 2009 मध्ये त्यांची रेसकार मालिका सुरू झाली ती नेहमीच्याच रस्ता-सर्किटांवर. त्यांनी अमेरिकेची गाडी घेतली, ट्रॅकचा हट्ट सोडून दिला. नळ्यांचा सांगाडा, 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, सुमारे 400 अश्वशक्ती, चार गिअर, आणि चालकाच्या मदतीला एकही इलेक्ट्रॉनिक सोय नाही. पावसात ही गाडी हाताळणं म्हणजे माजलेला बैल नांगराला जुंपण्यासारखं. त्यातून एक व्यवहारी युक्तीही निघाली. त्याच गाडीत त्याच शनिवार-रविवारी दोन चालक वेगवेगळ्या गटांत शर्यत करतात, एकात अनुभवी, दुसऱ्यात नवखे किंवा हौशी. खर्च विभागला जातो आणि संघ तगतो. मालिका जगली ती मुख्यतः या हिशेबामुळे, असं मला वाटतं. अमेरिकी झगमगाट नंतरचा.

म्हणूनच 2012 मध्ये नॅसकारला आयती चालती गाडी मिळाली. दक्षिण फ्रान्सच्या नोगारोला ईस्टरच्या सुट्टीत शर्यत, इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच, आणि मध्ये तूरचा तो तात्पुरता ओव्हल. विजेता ठरला स्पेनचा आंदेर विलारिन्यो. हा मूळचा डोंगरी चढणीच्या शर्यतींचा चालक, म्हणजे ओव्हलशी नातं असण्याचं काही कारणच नाही. त्याने 2013 आणि 2015 मध्येही हे विजेतेपद पटकावलं. 2013 मध्ये व्हेलन या अमेरिकी कंपनीचं नाव जोडलं गेलं आणि मालिका ‘नॅसकार व्हेलन युरो सिरीज’ झाली. 2014 आणि 2016 चा विजेता बेल्जियमचा अँथनी कुम्पेन. मॅक्स व्हर्स्टापेनच्या आईचा हा चुलतभाऊ. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना व्हर्स्टापेन हे आडनाव ओळखीचं वाटलं असेल.

मालिकेने पुढे नेदरलँड्समधल्या व्हेनरायचा अर्धा मैलाचा पक्का ओव्हलही गाठला, पण तिचा मुक्काम राहिला रस्ता-सर्किटांवरच. 2017 मध्ये इस्रायलच्या अश्दोदचा अ‍ॅलोन डे युरोपीय विजेता झाला. त्याच वर्षी तो नॅसकारच्या सर्वोच्च कप मालिकेत उतरणारा पहिला इस्रायली चालकही ठरला. ती शर्यत होती कॅलिफोर्नियातल्या सोनोमाची. सोनोमा ओव्हल नाही. तिथे उजवीकडेही वळावं लागतं.