दोन इंचांचा हिशोब

तुर्भे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मिस्त्रींनी माझ्या तळहातावर गाडीच्या पुढच्या चाकाच्या सांध्यातला एक बुश ठेवला. बाहेरून लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. ते रबर आतल्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटलं होतं. बोट फिरवलं की काळा भुगा लागत होता. मिस्त्री एवढंच म्हणाले, "गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळलेत."

गाडी माझ्या मामेभावाची. राहतो घणसोलीला, शेती मुरबाडजवळ. त्यामुळे खताच्या गोण्या, पाण्याची मोटर, पीव्हीसीचे पाइप, असं काही ना काही त्याच्या पिकअपच्या हौद्यात असतंच. शेताकडचा शेवटचा तुकडा पावसाळ्यात नुसती चाकोरी होतो आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून गेल्या वर्षी त्याने एका गॅरेजमध्ये उंची वाढवणारे शॉकअप पुढे बसवून घेतले. गाडी दोन इंच उचलली गेली आणि चार महिन्यांत पुढून करकर सुरू झाली. त्या रविवारी आम्ही ते सगळं काम पुन्हा उघडून बसलो होतो.

शॉकअप गाडीचं वजन पेलतो, अशी अनेकांची समजूत असते. वजन पेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते, ऊर्जा साठवते आणि साठवलेली जवळजवळ सगळी परत करते. तिच्या एकटीवर सोडलं तर गाडी सेकंदाला एक-दीड वेळा अशा लयीत बराच वेळ वरखाली डोलत राहील. शॉकअप ही ऊर्जा परत येऊ देत नाही. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत. दट्ट्या हळू सरकला तर तेल सहज निघून जातं. जोरात सरकला तर त्याला चकत्या वाकवून वाट काढावी लागते. या ओढाताणीत हालचालीची उष्णता होते.

किती उष्णता? एका चाकावर ५०० किलो भार धरू. तो १० सेंटिमीटर खाली आला की सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा सुटते. शॉकअपमध्ये पाव किलो तेल आहे असं समजलं, तर ते एक अंश सेल्सिअसने तापवायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. म्हणजे एक मोठा दणका, एक अंश. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर असे किती दणके बसतात ते ठाणेकरांना सांगायला नको. नळीवरून वाहणारी हवा यातली बरीचशी उष्णता घेऊन जाते, तरी तेल तापतं, पातळ होतं आणि आत मोकळी हवा असेल तर फेसाळतं. तेल दाबलं जात नाही, फेस दाबला जातो. दट्ट्या मग नुसत्या फेसातून फिरतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. यावरचा उपाय म्हणजे तेलाला नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवणं. फ्रान्सचे अभियंते द कार्बों यांची ही कल्पना बिलस्टाइन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणली. आज लिफ्टसाठी, म्हणजे गाडीची उंची वाढवायला, मिळणारे बरेचसे शॉकअप याच जातीचे असतात.

असा शॉकअप खोक्यातून निघतो तो पट्टीने बांधलेला. पट्टी कापली की दट्ट्याला जोडलेला दांडा आपोआप, सावकाश बाहेर येतो. दट्ट्याच्या एका बाजूला दांड्याने जागा अडवलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंना दाब तेवढाच असूनही जोर सारखा लागत नाही. १४ मिलिमीटर जाडीचा दांडा आणि आत २५ बार दाब असेल, तर बाहेर ढकलणारा जोर साधारण ३९ किलोचा भरतो. मामेभावाने तळहाताने तो दांडा परत आत रेटायचा प्रयत्न केला आणि त्याला सगळं अंग वापरावं लागलं. चाकावरच्या ५०० किलोंपुढे मात्र हा जोर किरकोळ आहे. गाडी उचलली जाते ती त्याने नव्हे.

मग उचलतं कोण? या पिकअपला पुढे स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच बसते. शॉकअपच्या नळीवर एकावर एक गोल खाचा असतात. त्यातल्या एकीत सर्क्लिप, म्हणजे खाचेत अडकणारी पोलादी कडी, सर्क्लिपवर स्प्रिंगची बशी आणि बशीत स्प्रिंगचं खालचं टोक. सर्क्लिप वरच्या खाचेत घातली की बशी वर जाते, बशीवरची स्प्रिंग वर जाते आणि स्प्रिंगवर बसलेली गाडीही.

स्प्रिंगची बशी वर नेली की स्प्रिंग जास्त दबते आणि कडक होते, हे मी भल्याभल्या फिटरांकडून ऐकलंय. ते खरं नाही. रद्दीवाल्याचा ताणकाटा आठवा. गठ्ठा आकड्याला अडकवून त्याने हात कमरेपासून खांद्यापर्यंत नेला, तर गठ्ठा उंच जातो, काटा आहे त्याच किलोवर राहतो. वजन तेच, म्हणून स्प्रिंगचा ताणही तोच. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला हा नियम पिकअपलाही लागू आहे. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग जास्त दाबलेली दिसते, कारण शॉकअप तिला पूर्ण लांब होऊ देत नाही. चाकं टेकून गाडीचा भार आला की ती जवळजवळ पूर्वीच्याच लांबीवर येते. तिचा कडकपणा बदलायचा तर तारेची जाडी किंवा वेटोळ्यांची संख्या बदलावी लागते, म्हणजे स्प्रिंगच दुसरी घ्यावी लागते.

तरीही मामेभावाला गाडी कडक लागत होती आणि त्याचं चुकत नव्हतं. एकूण चाल २० सेंटिमीटर असलेलं चाक घ्या, १० वर जायला, १० खाली जायला. गाडी ५ सेंटिमीटर उचलली की तीच चाल १५ वर आणि ५ खाली अशी वाटली जाते. उंचवट्यासाठी जागा वाढली, ती खड्ड्यातून काढून घेतलेली आहे. खड्डा आला की चाक ५ सेंटिमीटर खाली जातं, शॉकअपचा दांडा आतून टोकाला आपटतो आणि स्टिअरिंगमध्ये "टक्" असा धक्का येतो. लिफ्टच्या शॉकअपची लांबी म्हणून थोडी जास्त ठेवतात. पण ती मनासारखी वाढवता येत नाही, कारण फोर बाय फोर गाडीत पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे ठरावीक कोनापलीकडे झिजायला लागतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि ब्रेकची नळीही ताणली जाते. माझ्या मते अशा पिकअपला दोन इंच ही शेवटची मर्यादा आहे, दीड इंच शहाणपणाचं. आम्ही सर्क्लिप एक खाच खाली घेतली.

एका खाचेने किती फरक पडतो? शॉकअप चाकापाशी नसतो, चाकाला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणाऱ्या आडव्या आर्मवर आतल्या बाजूला असतो. दार उघडताना बिजागरीजवळ बोटभर हललं तर कडीजवळ वीतभर हलतं, तसंच इथे. बशी एक सेंटिमीटर सरकवली की चाकाशी दीड ते दोन सेंटिमीटर दिसतात. हे ठाऊक नसेल तर माणूस दोन इंचांसाठी दोन इंचांची चकती शॉकअपच्या वर घालतो आणि गाडी तीन-चार इंच वर जाऊन बसते.

कायद्याचंही सांगायला हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे पाळण्याचा निकाल दिला. कंपनीच्या मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती, उंची वाढवणं हा बदल. तेव्हा पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या, ही माझी कळकळीची विनंती. गुरुत्वमध्य वर गेलेली गाडी वळणावर लवकर कलते, हा नियमामागचा साधा विचार आहे.

आता बसवणं. गाडी सपाट जमिनीवर असताना मिस्त्रींनी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मापं घेतली आणि खडूने मडगार्डवरच लिहून ठेवली. मग जॅक, गाडी टेकवायचे लोखंडी घोडे, चाकं बाहेर. दाबलेल्या स्प्रिंगशी मात्र मस्ती चालत नाही. मिलिमीटरला १०० न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबली की तिच्यात ५०० ज्यूल साठतात. पाच किलो कणकेची पिशवी दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, डोक्यात पडावी एवढे. स्प्रिंग कॉम्प्रेसरने तिला धरल्याशिवाय वरचा मधला नट सैल करायचा नाही. घरी अंगणात हे काम करू पाहणाऱ्यांनी निदान एवढा भाग तरी गॅरेजवर सोपवावा.

आणि तो बुश. त्यातलं रबर आतल्या नळीवर घसरत नाही, ते दोन्ही लोखंडांना चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसीला जखडली जाते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात आहे तो रबराचा "न पिळलेला" कोन ठरतो. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली उतरल्याबरोबर रबर पिळलं जातं, आणि गाडी नुसती उभी असतानाही पिळलेलंच राहतं. वर आणखी प्रत्येक दणका. चार महिन्यांत ते फाटलं यात रबराचा काही दोष नव्हता.

मिस्त्रींनी नवे बुश घालून सगळे बोल्ट फक्त हाताने लागतील एवढेच लावले. चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, चार-पाच फूट पुढेमागे ढकलली, बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन तिला डोलवलं. टेप लावून खडूच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. मग ते पुठ्ठ्यावर झोपून खाली सरकले आणि टॉर्क पान्याने एकेक बोल्ट आवळला. पान्याचा "टिक्" आवाज आला की थांबायचं, पुढचा बोल्ट. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. आधीच्या वेळी हीच वीस मिनिटं वाचवली होती.

अलाइनमेंट त्याच संध्याकाळी. आर्मचा कोन बदलला की चाकांची तोंडं किंचित आत-बाहेर होतात आणि टायरच्या नक्षीला करवतीसारखी धार येते. हेडलाइटही खाली घ्यायला हवेत. रिकामी पिकअप मुळात मागून थोडी उंच ठेवलेली असते, कारण भार मागे पडणार असतो. पुढून उचलून ती सपाट केली की गोण्या भरल्यावर शेपूट खाली जातं आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

मागे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पोलादी पट्ट्यांचे पाटे आहेत आणि नवे शॉकअप नॉब फिरवून कमीजास्त करता येणारे. नॉब घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत बंद करायचा आणि तिथून उलट टकटक मोजायची. डावीकडे आठ तर उजवीकडेही आठ. एका वेळी दोनच टका बदलायच्या, हवेचा दाब तोच, रस्ता तोच, वेग तोच. आमचा रस्ता बेलापूरला पारसिक हिलचा चढ-उतार. नॉब फार मोकळा असताना गतिरोधकानंतर मागची बाजू दोन-तीनदा हेलकावली. फार आवळला तेव्हा ओळीने खड्डे लागले की चाक वेळेत खाली येईना आणि गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी बसत गेली. रिकाम्या गाडीला जमलेली टक भरलेल्या गाडीला चालत नाही. मागचं वजन दुप्पट झालं की तेवढाच आवर घालायला शॉकअपचा विरोध सुमारे १.४ पट लागतो, म्हणजे दोनच्या वर्गमुळाएवढा. मामेभावाने डॅशबोर्डच्या आतल्या झाकणावर दोन आकडे लिहून चिकटवले, एक रिकाम्या गाडीचा, एक गोण्या भरल्यावरचा.

पुढच्या शनिवारी आम्ही सातशे किलो खत घेऊन महापे, शिळफाटा, कल्याण असे मुरबाडला गेलो. करकर नव्हती. शेताशी पोचल्यावर तो आधी वाकून गाडीखाली गेला. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं की खराब रस्त्यावरून आल्यावर हाताची पालथी बाजू शॉकअपजवळ न्यायची. जो शॉकअप जोडीदारापेक्षा गार, तो काम करत नाही. पुढचे दोन सारखेच कोमट होते. मागचे दोन जास्त तापलेले, पण एकमेकांसारखेच. एकदा खात्री झाल्यावरही त्याने चारही पुन्हा तपासले आणि मग हौद्याची फळी उघडली.