मुलांचे स्वातंत्र्य आणि घरची शिस्त : बडोद्यातून पाहताना

पहिली पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे धाक आणि सोळाव्या वर्षापासून मैत्री, हा संस्कृत सुभाषितातला क्रम बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला जाई. त्यात लहान मुलाचे कौतुक भरपूर होते, पण त्याने स्वतःच्या हाताने काही करावे, याला जागा नव्हती. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तरी शाळेत जाण्याआधीचे वय घराकडेच राहिले.

या वयाचा निराळा विचार गुजरातेत रुजवला तो शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले होते. त्यांच्या विचारांच्या आधारे गिजुभाईंनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक 1923 मध्ये तेथे गेल्या आणि त्यांच्यामुळे हा विचार मराठीत पोहोचला. ‘मुलांना मोकळे सोडणे’ असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला, तो मला साफ चुकीचा वाटतो. माँटेसरी पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधन एकेकच ठेवतात. बटणे लावण्याच्या सरावाची चौकट दुसऱ्या मुलाच्या हातात असेल, तर ती त्याने जागेवर ठेवीपर्यंत थांबावे लागते; घेतलेली वस्तू परत जागेवर ठेवणे हाही कामाचाच भाग असतो. काय करायचे ते मूल निवडते, मर्यादा मात्र मांडणीतच असते, म्हणून बाईंना आवाज चढवावा लागत नाही.

पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेमुळे बालविकास हा बडोद्यात अभ्यासाचा विषय झाला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1966 मध्ये हुकमत गाजवणारे, सगळे चालवून घेणारे आणि ठाम राहूनही कारण समजावून सांगणारे अशी पालकांची तीन रूपे मांडली. त्यांतले तिसरे रूप त्यांनी उचित मानले.

शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. घरातला धाकही ओसरत चालला आहे, आणि ते चांगलेच आहे. पण एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या मिळून जी मर्यादा सांभाळत, ती आता फ्लॅटमध्ये कामावरून थकून आलेल्या दोघांवर येते. मूल मोबाइलसाठी हटून बसले की तो देऊन मोकळे होणेच त्यांना सोपे वाटते.