एनएफ-१ आणि लॅमोट्रिजिन: संशोधनात सहभागासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ-१) हा जनुकीय आजार सुमारे ३००० जन्मांमागे एकात आढळतो. त्यात नसांवर गाठी येतात. चेतापेशींची अतिउत्तेजना या गाठी वाढवते आणि फिट्सवरचे लॅमोट्रिजिन ती वाढ रोखू शकते, असे २०२२ मध्ये उंदरांवरील अभ्यासात दिसले. माणसांत ते अजून सिद्ध व्हायचे आहे. त्यामुळे गाठींसाठी हे औषध स्वतःहून सुरू करू नका. नैतिकता समितीने मंजूर केलेल्या औषध-चाचणीतच (संशोधनात) घ्या.

आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा आणि ती गाठींसाठी आहे की एनएफ-१ मुळे येणाऱ्या शिकण्या-लक्ष देण्याच्या अडचणींसाठी, हे विचारा. वय आणि गाठीचा प्रकार यांच्या अटी त्यावर ठरतात.

निदानाचा पुरावा लागतोच. ‘एनएफ आहे’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. त्वचेवर सहा किंवा अधिक कॉफीरंगी डाग (वयात येण्यापूर्वी ५ मिमीहून, नंतर १५ मिमीहून मोठे), काखेत वा जांघेत ठिपके, डोळ्यांतील लिश गाठी (रंगीत पडद्यावरच्या बारीक गाठी) अशी लक्षणे तज्ज्ञाने लिहून दिलेली असावीत. जनुकीय तपासणी झाली असेल तर संपूर्ण अहवाल जोडा. एमआरआयचा कागदी अहवाल पाठवून बरेच जण अडकतात. गाठीचे घनफळ मोजायला मूळ प्रतिमांची सीडी लागते.

सर्वांत जपून भरायचा भाग म्हणजे चालू औषधांची यादी. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचे औषध लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी दुपटीपर्यंत नेते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फिट्सवरची औषधे आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या ती घटवतात. सेलुमेटिनिबसारखे गाठींवरचे औषध चालू असेल तर तेही लिहा. मात्र पात्र ठरण्यासाठी कोणतेही औषध परस्पर बंद करू नका. पूर्वी औषधाने अंगावर पुरळ आले होते का, हृदयविकार आहे का, गर्भधारणेचा विचार आहे का, हे लपवू नका.

प्रौढ स्वतः संमतिपत्रावर सही करतात. मुलांसाठी पालकांची सही लागते आणि समजत्या वयाच्या मुलाचा होकारही विचारला जातो. पत्र घरी नेऊन वाचा. कधीही बाहेर पडता येते, आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) गटात नाव येऊ शकते.

डोस हळूहळूच चढतो. फिट्ससाठी, दुसरे फिट्सचे औषध नसलेल्या प्रौढांत, रोज २५ मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि दोन आठवड्यांनी ५०. घाई केली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा, म्हणजे त्वचा सोलवटणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेचा धोका वाढतो. बहुतेकदा ती पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत येते, मुलांत जास्त. पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसताच त्याच दिवशी चाचणीच्या समन्वयकाला कळवा. काही दिवस गोळ्या चुकल्या तर जुन्या डोसवर थेट परतू नका, आधी विचारा.