अफ्लाटॉक्सिन आणि यकृताचा कर्करोग

अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस फ्लेवस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींमुळे भुईमूग, मका, सरकी, सुकी मिरची अशा पदार्थांत तयार होणारे विष. त्याच्या अनेक प्रकारांपैकी 'बी1' सर्वांत घातक. आहार आणि कर्करोग यांच्या नात्याबद्दल पुष्कळ बोलले जाते ते अंदाजाने. येथे मात्र धान्यापासून जनुकातील बदलापर्यंतची साखळी बरीचशी उलगडली आहे.

विषाचा शोध लागला तो पक्ष्यांमुळे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिला बुरशी लागलेली होती.

बी1 पोटात गेल्यावर यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याचे रूपांतर अधिक क्रियाशील रेणूत करतात. विष निकामी करणाऱ्या यंत्रणेकडूनच हे घडावे, हा विचित्र योग. हा रेणू डीएनएला चिकटतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीपी53 जनुकात 249 व्या स्थानी ठरावीक बदल होतो. आफ्रिका व चीनच्या बाधित भागांतील यकृताच्या गाठींत तो वारंवार आढळला आहे.

यकृताला सूज आणणाऱ्या हेपॅटायटिस बी विषाणूची लागण असल्यास धोका कितीतरी वाढतो. शांघायमधील पुरुषांच्या पाहणीत लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे 3 पट, केवळ या विषाणूची लागण असलेल्यांना सुमारे 7 पट, तर दोन्ही असलेल्यांना 60 पटींच्या घरात दिसला. चीनच्याच चिडोंग भागात लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागल्यानंतर या कर्करोगाचे प्रमाण घटले, आणि तेही हेपॅटायटिस बीच्या लसीकरणापूर्वी जन्मलेल्या पिढ्यांत, म्हणजे ही घट लसीमुळे नव्हती.

भारतात 1974 साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन सुमारे 400 जणांना कावीळ झाली, शंभराहून अधिक दगावले. ती तीव्र विषबाधा होती. कर्करोग होतो तो थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जात राहिल्याने.

महाराष्ट्रात दाण्याचे कूट रोजच्या भाजीत, कोशिंबिरीत असते, त्यामुळे शेंगा कशा वाळवल्या आणि कोठे साठवल्या याला महत्त्व आहे. काढणीनंतर शेंगा ओल्या राहिल्या, दमट खोलीत पोती रचली की बुरशीला फावते. खवटपणा निराळा, तो तेलाचा दोष. दाणा खवट न लागताही विषारी असू शकतो. विष बहुधा मोजक्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून काळपट, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे निवडून टाकण्याची घरची जुनी सवय खरोखर उपयोगी आहे. भाजल्याने विष कमी होते, नाहीसे होत नाही. शुद्धीकरण केलेल्या तेलात ते जवळपास उरत नाही. घाण्याच्या तेलात मात्र उतरू शकते. बुरशी लागलेली पेंड दुभत्या जनावराला घातली तर 'एम1' या रूपात ते दुधात येते, आणि दूध उकळूनही जात नाही.