खुलासा : ऑगस्टमधल्या विजयांवरून हंगामाचं भाकीत करता येतं का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: हंगामापूर्वी ऑगस्टमध्ये होणारे सराव सामने जिंकणारा संघ पुढेही बाजी मारतो. हे खरं नाही. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने चारही सराव सामने जिंकले आणि मुख्य हंगामातले सोळाच्या सोळा गमावले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचं हुबेहूब तेच झालं. उलट २००५ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने पाचही सराव सामने हरून हंगामाची सुरुवात सलग १३ विजयांनी केली!

कारण सरळ आहे. या सामन्यांत मुख्य खेळाडू थोडाच वेळ खेळतात. उरलेला वेळ संघात जागा मिळवायला धडपडणारी पोरं मैदानात असतात आणि प्रशिक्षक आपले खरे डावपेच झाकून ठेवतात. मग धावफलकावरून काय कळणार?

दुखापती मात्र खऱ्याच असतात. २०२१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने वॉशिंग्टनला ३७-३ असं चिरडून सलग विसावा सराव सामना जिंकला. त्याच सामन्यात रेव्हन्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) जे. के. डॉबिन्स एक साधा पास घेऊन पुढे निघाला, प्रतिस्पर्ध्याने पाडताना (टॅकलमध्ये) गुडघा वाकला, अस्थिबंध फाटला. त्याचा अख्खा हंगाम बुडाला आणि रेव्हन्स प्लेऑफपर्यंतही (हंगामानंतरच्या बाद फेरीपर्यंत) पोचले नाहीत.

म्हणून मुख्य खेळाडूंना बसवून ठेवणं मला पटतं, पण तोही रामबाण उपाय नव्हे. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) अ‍ॅरन रॉजर्सला सराव सामन्यांत जेमतेम खेळवलं. मुख्य हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, चौथ्याच खेळीत त्याच्या टाचेची शीर तुटली.