अकारी
अकारी : जपानी हातकागद आणि बांबूच्या कामट्या यांपासून हाताने घडविलेले शिल्परूप दिवे. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–८८) यांनी १९५१ मध्ये त्यांची रचना सुरू केली आणि पुढे आयुष्यभर शंभराहून अधिक आकार घडविले. ‘अकारी’ म्हणजे उजेड. हा शब्द ज्या चिनी लिपिचिन्हाने लिहितात, त्यात सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी येतात. शिवाय वस्तूचे हलकेपणही नोगुचींना या नावात अभिप्रेत होते.

दिव्याला शिल्प मानण्याचा विचार नोगुचींच्या मनात त्याआधीपासून होता. १९२७ मध्ये पॅरिसला शिल्पकार ब्रांकुशी यांच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून काम केलेल्या या कलावंताने १९४० नंतरच्या काही वर्षांत आतून उजळणारी ‘लूनार’ (चांद्र) शिल्पे केली. मात्र ती मॅग्नेसाइट या खनिजाची, म्हणजे जड आणि ठिसूळ होती. हव्या त्या द्रव्याची गाठ पडली ती जपानात. हिरोशिमाच्या शांती उद्यानालगतच्या पुलांचे कठडे घडविण्याच्या कामासाठी जात असताना ते गिफू येथे थांबले. नागारा नदीवर रात्री मशालींच्या उजेडात पाणकावळ्यांकरवी चालणारी मासेमारी आणि कागदी कंदील (चोचिन) यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. कंदिलांच्या मंदावलेल्या धंद्याला हातभार लागावा म्हणून नगराध्यक्षांनी त्यांना निर्यातयोग्य नवा दिवा सुचविण्याची विनंती केली, आणि ओझेकी या जुन्या कंदील-निर्मात्यांच्या कारखान्यात अकारीचे काम सुरू झाले. ते तेथे आजही चालते.

घडणीची रीत जुन्या कंदिलाचीच आहे. प्रथम दिव्याच्या आकाराचा लाकडी साचा उभा करतात. तो अखंड नसून चंद्रकोरीसारख्या अनेक फळ्या गोल चकत्यांत बसवून जुळविलेला असतो आणि प्रत्येक फळीच्या कडेला बारीक खाचा असतात. या खाचांतून बांबूची पातळ कामटी वरपासून खालपर्यंत फेरे घेत गुंडाळली जाते. त्यावर कागदी तुतीच्या अंतर्सालीपासून केलेल्या कागदाच्या, आकाराप्रमाणे बेतलेल्या पट्ट्या खळीने चिकटवितात. खळ वाळून आकार पक्का झाला की फळ्या एकेक करून तोंडातून बाहेर काढतात आणि मागे कागद व बांबू एवढेच उरते. आपल्याकडील आकाशकंदिलातही कामट्या, कागद आणि खळ हेच साहित्य असते. पण तेथे कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने बांधून ताठ केलेला असतो, तर येथे कामटी फेऱ्याफेऱ्याने जात असल्यामुळे दिवा दाबून चपटा करता येतो. त्यामुळे माणसाच्या उंचीचा दिवासुद्धा पातळ खोक्यात मावतो. घरी आणल्यावर आत तारेचा ताण देऊन तो पुन्हा उभा करायचा.

नोगुचींनी बदल केला तो मुख्यतः आकारात. गिफूच्या कंदिलांवर फुलापानांची नाजूक चित्रे असतात. त्यांनी बहुतेक दिव्यांचा कागद कोरा ठेवला, वरखालची लाकडी कडी काढून टाकली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला आणि गोल, चपटे, कोनयुक्त, एकावर एक रचलेल्या खंडांचे स्तंभ असे आकार घेतले. दिवा लागल्यावर पट्ट्यांचे जोड, तेथे कागद दुहेरी असल्यामुळे, किंचित गडद रेषांसारखे उमटतात आणि फेऱ्यांची वळणे त्यांना छेदून जातात. म्हणजे येथे नक्षी वरून चढविलेली नाही. बांधणीच नक्षी झाली आहे, आणि अकारीचे खरे वैशिष्ट्य तेच म्हणावे लागेल. विजेच्या प्रकाशाची प्रखरता कागदातून गाळली जाऊन पुन्हा सूर्यप्रकाशासारखी होते, अशी नोगुचींची धारणा होती.

हे दिवे कला की गृहोपयोगी वस्तू, हा वाद त्यांच्या हयातीतच झाला. नोगुचींनी तो भेद मानला नाही : दिवे ते संख्येची मर्यादा न घालता विकू देत. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात ‘शिल्प म्हणजे काय?’ या शीर्षकाच्या प्रदर्शनात त्यांनी संगमरवरी घसरगुंडीच्या जोडीला अकारीच मांडले.

तारेच्या वेटोळ्यावर यंत्राने कागद चढविलेले स्वस्त गोळे आज जगभर मिळतात आणि बहुतेक लोकांची ओळख याच नकलांशी असते. अस्सल अकारीवर सूर्य व चंद्रकोरीची छोटी मुद्रा असते. दिवा लागल्यावर त्याच्या कागदात तुतीचे लांब धागे दिसतात.