लेखकालाच विचारलं, पुरावा कुठाय?

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथने 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकामध्ये विकिपीडियाला उघडं पत्र लिहिलं तेव्हा बरेच जण हसले, की बघा, कादंबरी याची आणि तिच्याबद्दल याचंच कोणी ऐकत नाही. पण हे कुठून आलं ते बघायला सात वर्षं मागे जावं लागतं.

विकिपीडिया सुरू झाला जानेवारी २००१ मध्ये, आणि सुरुवातीला कोणीही येऊन काहीही लिहावं असाच मामला होता. मे २००५ मध्ये कोणीतरी जॉन सीगेन्थॅलर या अमेरिकन पत्रकार-लेखकाचं चरित्र टाकलं, त्यात चक्क लिहिलं की केनेडी बंधूंच्या खुनात याच्यावर काही काळ संशय होता. हा माणूस रॉबर्ट केनेडीचा सहायक होता हो, त्याच्या शवपेटीला खांदा दिलेला! चार महिन्यांवर ते तसंच राहिलं. नोव्हेंबरात सीगेन्थॅलरने 'यूएसए टुडे'त लेख लिहून जाहीर वाभाडे काढले, मग कळलं की कोणीतरी सहकाऱ्याची गंमत करायला हे केलेलं. डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियावर निनावी लोकांना नवीन पान बनवणं बंद झालं, आणि जिवंत माणसांच्या चरित्रासाठी वेगळे कडक नियम आले. विश्वासार्ह, प्रकाशित संदर्भ दाखवा नाहीतर काढून टाका.

हाच संदर्भाचा आग्रह रॉथला नडला. 'द ह्यूमन स्टेन' (२०००) मधला प्राध्यापक आपण काळ्या वंशाचे आहोत हे आयुष्यभर लपवतो, आणि समीक्षक अनातोल ब्रॉयर्डनेही तेच केलेलं, म्हणून काही परीक्षणांत दोघांची सांगड घातली गेली आणि ती कादंबरीच्या विकिपीडिया पानावर आली. रॉथचं म्हणणं, ब्रॉयर्डला मी धड ओळखतही नव्हतो, कादंबरीतला मूळ प्रसंग माझा मित्र मेल्विन ट्युमिनचा. ट्युमिन प्रिन्स्टनला शिकवायचा, १९८५ मध्ये वर्गात कधीच न आलेल्या दोन विद्यार्थ्यांबद्दल त्याने विचारलं की हे खरंच आहेत की 'स्पूक्स', म्हणजे भुतं, पण तीच काळ्या लोकांना द्यायची जुनी शिवी, आणि ते दोघे निघाले काळे. झालं, चौकशी मागे लागली. रॉथच्या वतीने दुरुस्ती करायला गेले तर उत्तर आलं की लेखकाचा अधिकार मान्य, पण दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केलेला संदर्भ, लागेल.

मला यात विकिपीडिया अगदीच मूर्ख वाटत नाही. लेखक स्वतःबद्दल खरंच सांगतो असं थोडंच आहे, आपल्याकडची आत्मचरित्रं आठवा. अर्थात छापलं म्हणजे खरं हेही नाही, कारण पत्रकार घाईत विकिपीडियावरून उतरवतो आणि मग तीच बातमी त्या पानाला पुरावा म्हणून लागते, हे चक्र चालूच असतं. मराठीत तर कुठलीही कविता पुलं नाहीतर वपुंच्या नावावर फिरते, इतक्या ठिकाणी की खरा कवी शोधायचा कुठून.

शेवटी रॉथचं ते पत्रच संदर्भ म्हणून पानाला जोडलं गेलं. ब्रॉयर्डचं नाव मात्र गेलं नाही, समीक्षक असं म्हणाले आणि लेखकाने नाकारलं, असं दोन्ही राहिलं. ब्रॉयर्ड १९९० मध्येच गेलेला, त्याला विचारायची सोय नव्हतीच.